१६ ची एमसीबी सारखी पडते, म्हणून ३२ ची टाकावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वीस-बावीस वर्षांची इमारत, वन बीएचके. बाथरूममधला २००० वॅटचा गीझर आणि ओट्यावरचं २००० वॅटचं इंडक्शन एकाच लाइनवर, आणि त्या लाइनला १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच. ही दोन्ही एकदम चालतात. सकाळच्या घाईत त्यात १००० वॅटची इस्त्री लावली, की दहा-पंधरा मिनिटांनी एमसीबी पडते. वायरमन म्हणतो, "एमसीबी वीक झालीये, ३२ ची टाकून देतो, कटकट मिटेल." इंडक्शनच्या सॉकेटचं एक भोक तपकिरी पडलंय, याचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय. आणि शेवटी विचारलंय, की अँपिअर, व्होल्ट, वॅट ही भानगड शाळेत पाठ केली होती, पण कळली कधीच नाही.

उत्तर आधी सांगतो: ३२ ची टाकू देऊ नका. इंडक्शनचं ते सॉकेट आजपासून बंद ठेवा, बदलल्याशिवाय वापरू नका. एवढं केलंत तर बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

आता कारण. एमसीबी का पडते याचं उत्तर दोन ओळींत देता येतं. पण मला महत्त्वाचा वाटतो तो भिंतीतल्या वायरीचा प्रश्न. ती वायर किती करंट सोसू शकते, हे तुम्हाला माहीत नाही, मला इथे बसून कळणार नाही, आणि वायरमनने पाहिलेलं दिसत नाही. एमसीबी त्या वायरीची राखणदार आहे. गीझरची किंवा इंडक्शनची काळजी तिला नसते. राखणदार सारखा ओरडतो म्हणून त्याच्या जागी बहिरा आणून बसवायचा, असा हा ३२ चा उपाय आहे.

हे नीट पटायचं तर अँपिअर-व्होल्टपासून सुरुवात करावी लागेल. माझ्याकडे आयटीआयमधून तारतंत्रीचा कोर्स करून येणारी पोरं असतात, त्यांनाही मी इथूनच सुरू करतो, कारण सूत्रं त्यांना येतात, पण वायरीत काय चाललंय ते डोळ्यांसमोर येत नाही.

गच्चीवरची टाकी घ्या. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर. हा जोर म्हणजे व्होल्ट. पुस्तकात त्याला विभवांतर म्हणतात. आपल्याकडे घरात तो २३० व्होल्ट धरतात. नळातून सेकंदाला किती पाणी येतं, ते अँपिअर. पुस्तकातली विद्युतधारा, आपला करंट. पाइप बारीक असेल किंवा आत क्षार धरला असेल, तर टाकी तीच असून धार बारीक येते. ही अडवणूक म्हणजे रोध, तो ओहममध्ये मोजतात. जोर भागिले अडवणूक म्हणजे प्रवाह. २३० व्होल्टला तुमच्या गीझरची कॉइल साधारण साडेसव्वीस ओहमची अडवणूक करते, म्हणून तिच्यातून ८.७ अँपिअर वाहतात. कमी नाहीत, जास्त नाहीत. गीझर करंट "ओढतो" असं आपण म्हणतो खरं, पण ओढायला त्याच्याकडे काही नाही. त्याची अडवणूक कमी असते, एवढंच.

टाकीचं उदाहरण इथवर कामाला येतं, पुढे दगा देतं. पाणी नळातून बादलीत पडलं की संपलं. वीज अशी पडून जात नाही, तिला परत जायला वाट लागते. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत जातो, आणि जितका गेला तितकाच जातो. गीझरने त्यातला कणभरही "खाल्लेला" नसतो. नवीन पोरगा कामाला आला की मी त्याला क्लॅम्प मीटर देतो, म्हणजे वायर न कापता तिच्याभोवती जबडा अडकवून करंट मोजायचं यंत्र. फक्त फेजच्या वायरीभोवती जबडा लावला की ८.७ दिसतात. फक्त न्यूट्रलभोवती लावला तरी ८.७. मग दोन्ही वायरी एकदम जबड्यात धरायला सांगतो. मीटर शून्य दाखवतं! पोरगं मीटर हलवून बघतं, बॅटरी बघतं. जाणारा आणि येणारा करंट सारखाच असल्याने एकमेकांना खाऊन टाकतात, हे त्या शून्याने एकदा डोक्यात बसलं की सर्किट या शब्दाचा अर्थ कायमचा कळतो. हे शून्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग बिलाचं मीटर फिरतं कशाचं? खर्च होते ती ऊर्जा. वखारीत पूर्वी दोघं मिळून ओढायची ती लांब करवत आठवा. एक ओढतो, मग दुसरा ओढतो. करवत इकडची तिकडे कुठेच जात नाही, पण ओंडका कापला जातो. आपली एसी वीज तशीच आहे, सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत १० अँपिअर वाहत असताना इलेक्ट्रॉन जागच्या जागी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके हलतात. मीटरपासून निघालेला इलेक्ट्रॉन तुमच्या बाथरूमपर्यंत कधी पोचतच नाही. पोचतो तो जोर, आणि तो मात्र बटण दाबताक्षणी पोचतो.

दर सेकंदाला होणारं काम म्हणजे वॅट, आणि ते काढायला व्होल्ट गुणिले अँपिअर. उलट करून वॅट भागिले २३० केलं की अँपिअर मिळतात. ज्यात नुसती कॉइल तापते, अशा वस्तूंना हे गणित चोख लागू पडतं. मोटरला त्यात पॉवर फॅक्टर नावाचा आणखी एक आकडा घालावा लागतो. इंडक्शनमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट असलं तरी पूर्ण ताकदीवर हिशोब जवळपास असाच येतो. तुमच्या घराचा हिशोब करू. गीझर ८.७, इंडक्शन ८.७, मिळून १७.४ अँपिअर. इस्त्रीचे ४.३ मिळवले की २१.७.

आता तुम्ही म्हणाल, १६ च्या एमसीबीवर १७.४ अँपिअर रोज कसे चालतात? मला तुमच्या प्रश्नातली ही सगळ्यात चांगली गोष्ट वाटली, कारण तुम्ही दिलेलं वर्णन पुस्तकाबरहुकूम आहे. एमसीबीच्या पोटात दोन यंत्रणा असतात. एक दोन धातूंची जोडपट्टी: करंटने तापते, वाकते आणि खटका सोडवते. हिला वेळ लागतो. दुसरी चुंबकाची गुंडाळी: शॉर्ट सर्किट झालं की क्षणात खटका पाडते. घरगुती एमसीबीचं मानक असं सांगतं, की लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट करंटला ती तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पट झाला तर तासाच्या आत पडलीच पाहिजे. १६ च्या एमसीबीला हे आकडे होतात सुमारे १८ आणि २३. तुमचे १७.४ हे १८ च्या आत, म्हणून निमूट चालतात. इस्त्रीसकट २१.७ हे मधल्या पट्ट्यात येतात, म्हणून पडते पण लगेच नाही, जोडपट्टी तापायला लागेल तेवढा वेळ घेऊन. त्यात हे आकडे ३० अंश तापमानाला धरलेले असतात. उन्हाळ्यात, दाटीवाटीच्या डीबीत, म्हणजे घरातल्या सगळ्या एमसीबी बसवलेल्या पेटीत, ती आणखी लवकर पडेल. एमसीबी वीक असण्याची शक्यता मी शून्य म्हणत नाही, वारंवार पडून काही एमसीबी ढिल्या होतात. पण तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही. तुमची एमसीबी तिचं काम चोख करतेय.

हाच हिशोब ३२ ला लावा. ३६ अँपिअर तिच्यातून तासभर गेले तरी ती हूं की चूं करणार नाही. ४६ झाले तरी पडायला तिला तासापर्यंत मुभा आहे. आणि हे सगळे अँपिअर जाणार कुठून? भिंतीतल्या त्याच वायरीतून.

म्हणून वायरीकडे येऊ. वायरीला जाडीवरून ओळखतात, एक, दीड, अडीच, चार, सहा चौरस मिलिमीटर. बोलताना आपण "एमएम"च म्हणतो. जुनी मंडळी अजून "तीन-बावीस", "सात-बावीस" बोलतात. तीन-बावीस म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, साधारण १.२ चौरस मिलिमीटर. सात-बावीस म्हणजे तशाच सात तारा, पावणेतीनच्या जवळ, म्हणजे आजच्या अडीचच्या जागी चालणारी. भिंतीतल्या पाइपातून नेलेली तांब्याची वायर साधारणपणे दीडची असेल तर १४-१५ अँपिअर, अडीचची २० च्या आसपास, चारची २६-२८ सोसते. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. एकाच पाइपात आठ वायरी कोंबल्या असतील तर कमी धरा, पाइप गच्चीच्या तापलेल्या स्लॅबमधून गेला असेल तर आणखी कमी. ॲल्युमिनियमची वायर असेल तर रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, तेव्हा हिशोबच निराळा. तुमच्या इमारतीच्या वयाकडे बघता तांब्याची असावी, पण बोर्ड उघडल्याशिवाय मी पैज लावणार नाही.

वायर तापते ती करंटच्या वर्गाने, आणि लोकांचा अंदाज चुकतो तो नेमका इथेच. समजा तुमच्या डीबीपासून सॉकेटपर्यंत १५ मीटर दीडची वायर आहे. जायची आणि यायची मिळून ३० मीटर. दीडच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम, म्हणजे तुमच्या तीस मीटरचा ०.३६. एकटा गीझर चालू असताना ही वायर भिंतीत सुमारे २७ वॅट उष्णता सोडते. इंडक्शनही लावलं की करंट दुप्पट होतो, पण उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते: ११० च्या आसपास. इस्त्रीसकट १७० वॅट. आणि उद्या ३२ च्या एमसीबीच्या भरवशावर तुम्ही ओव्हन, किटली जोडत ३६ अँपिअरवर गेलात तर ४७० वॅट. अर्ध्या इस्त्रीइतकी उष्णता, प्लॅस्टरच्या आत, प्लॅस्टिकच्या पाइपात, जिथे वारा नाही. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश आहे. त्यावर ते लगेच पेटत नाही. आधी मऊ पडतं, मग कडक होऊन तडकतं, आणि दोन-तीन वर्षांनी एखाद्या दिवशी दोन वायरी आत एकमेकींना टेकतात. तोवर एमसीबी कुणी बदलली हे सगळे विसरलेले असतात.

मी धंद्यात नवा होतो तेव्हाची गोष्ट. पोर्सेलिनच्या किटकॅट फ्यूजचे दिवस. एका घरी पट्टी फिटिंगमधून, म्हणजे भिंतीवरच्या पट्टीतून नेलेल्या वायरिंगमधून, वास येतो म्हणून बोलावलं. फ्यूज काढून पाहिला तर फ्यूज वायरीच्या जागी तांब्याच्या तीन तारा पीळ देऊन लावलेल्या. घरच्या आजोबांनी अभिमानाने सांगितलं, "आता दोन वर्षं झाली, एकदाही उडाला नाही." पट्टी उघडली तर आतल्या वायरींचं आवरण बिस्किटासारखं हातात तुटून येत होतं. नशिबाने निभावलं. तुमचा ३२ चा उपाय म्हणजे त्या तीन तारांचीच सुधारित आवृत्ती आहे, फक्त तिच्यावर कंपनीचा शिक्का असतो.

आता तपकिरी सॉकेट. खरं तर मला एमसीबीपेक्षा याची जास्त धास्ती वाटते, कारण ही आग एमसीबीला दिसतच नाही. सॉकेटची पितळी पट्टी सैल पडली, किंवा मागचा स्क्रू ढिला झाला, की त्या एका बिंदूला थोडा रोध तयार होतो. समजा अर्धा ओहम. ८.७ अँपिअरचा वर्ग गुणिले अर्धा, जवळजवळ ३८ वॅट. आकडा छोटा वाटतो? रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, आणि त्यावर शिसं वितळतं. तुमच्या सॉकेटच्या आत, वाटाण्याएवढ्या जागेत, तसं दीड सोल्डरिंग आयर्न रोज अर्धा तास चालू आहे. आणि गंमत अशी, की रोध वाढल्याने एकूण करंट किंचित कमीच होतो. एमसीबी बापडी फक्त करंट मोजते. तिच्या दृष्टीने सगळं आलबेल!

त्यामुळे जळालेलं सॉकेट "घासून" परत वापरू नका. पट्टीचा ताण एकदा गेला की येत नाही. सॉकेट बदला आणि त्याच्याबरोबर इंडक्शनचा प्लगही बदला, कारण जळक्या पिनने नवीन सॉकेट महिन्याभरात खराब होतं. वायरीचं टोक काळं पडलं असेल तर ते कापून आतलं चकचकीत तांबं स्क्रूखाली घ्यायचं. आणि मोठ्या प्लगला लहान भोकात बसवणारा तो कन्व्हर्टर घरात असेल तर फेकून द्या. सहा अँपिअरच्या सॉकेटमधून पावणेनऊ नेणारी ती चोरवाट आहे.

तुम्ही आणखी एक विचारलंय: गीझर लावला की हॉलमधला पंखा किंचित मंदावतो, म्हणजे गीझर पंख्याचा करंट घेतो का? नाही. घरातल्या सगळ्या वस्तू पॅरलल, म्हणजे समांतर जोडलेल्या असतात. प्रत्येकीला तेच २३० मिळतात आणि प्रत्येकीचा करंट वेगळा. पण मीटरपासून डीबीपर्यंतची वायर सगळ्यांना सामाईक आहे, आणि ती सगळ्यांशी सिरीजमध्ये आहे. गीझरचा करंट तिच्यातून जाताना काही व्होल्ट तिथेच खर्च होतात, पंख्याला तेवढे कमी मिळतात. पाच-सात व्होल्ट पडले तर चालायचंच. पण गीझर लावल्यावर २३० चे २०५ होत असतील तर वाटेत कुठेतरी सैल सांधा आहे. वायरमनला सांगा, गीझर बंद-चालू करत आधी मीटरपाशी, मग मेन स्विचवर, मग डीबीवर व्होल्टेज मोज. जिथून पुढे आकडा धपकन पडतो, तो सांधा उघडायचा. मीटरपाशीच पडत असेल तर दोष तुमच्या घरात नाही, महावितरणकडे तक्रार करा. हे मोजमाप चालू लाइनवर होतं, तेव्हा ते तुम्ही करू नका.

सिरीज म्हणजे काय ते बघायचं असेल तर वायरमनच्या पिशवीतला सिरीज बोर्ड बघा. एक पिवळा १०० वॅटचा बल्ब, त्याच्याशी सिरीजमध्ये दोन वायरी. ज्या वस्तूचा संशय आहे ती त्या वायरींना जोडायची. बल्ब भक्क पेटला तर शॉर्ट, पेटलाच नाही तर आत तुटलेलं. पण इथे नवशिके हमखास फसतात. धडधाकट गीझर लावला तरी बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो! कारण बल्बचा रोध पाचशेच्या वर, गीझरचा साडेसव्वीस. २३० पैकी २२० च्या आसपास व्होल्ट बल्बच घेऊन जातो. चांगले गीझर "कॉइल शॉर्ट आहे" म्हणून बदललेले मी पाहिलेत. सिरीजमध्ये ज्याचा रोध जास्त, त्याच्या वाट्याला व्होल्ट जास्त. म्हणूनच ४० आणि १०० वॅटचे जुने बल्ब सिरीजमध्ये लावले तर ४० चा जास्त उजेड देतो. विश्वास बसत नसेल तर वायरमनला दाखवायला सांगा, त्याच्याकडे पैज जिंकायचा हा हुकमी खेळ असतो.

टेस्टरचंही तसंच. टेस्टर पेटला म्हणजे "लाईट आहे" एवढाच अर्थ लोक काढतात. टेस्टरच्या आत प्रचंड मोठा रोध असतो आणि तुमच्या अंगातून नगण्य करंट जाऊन तो पेटतो. जोर आहे एवढं तो सांगतो, परतीची वाट आहे की नाही ते सांगत नाही. न्यूट्रल तुटला असेल आणि कुठली तरी वस्तू चालू स्थितीत असेल तर टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो आणि घरातलं काहीच चालत नाही. अशा वेळी "डबल फेज आलाय" म्हणून मेन बंद न करता हात घालू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण बाथरूममध्ये गीझर असलेल्या माणसाला ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एमसीबी तुम्हाला शॉकपासून वाचवत नाही. ओल्या अंगाचा रोध दीड हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला शरीरातून ०.१५ अँपिअर जातात. माणूस जायला ते पुष्कळ झाले, आणि १६ च्या एमसीबीला ते डास बसल्यासारखे. इथे ते क्लॅम्प मीटरचं शून्य आठवा. गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत येत असेल तर बेरीज शून्य. शून्य नसेल तर थोडा करंट दुसऱ्या वाटेने चाललाय: गीझरच्या बॉडीतून, ओल्या भिंतीतून, कदाचित तुमच्यातून. आरसीसीबी नावाचं उपकरण सतत हीच बेरीज करत असतं आणि ०.०३ अँपिअरचा, म्हणजे ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाइन तोडतं. तुमच्या डीबीत टेस्टचं छोटं बटण असलेली रुंद पेटी आहे का बघा. नसेल तर ३२ च्या एमसीबीचे पैसे तिच्यात घाला. अर्थिंगही तपासून घ्या. थ्री पिन प्लगची वरची पिन लांब ठेवतात ती अर्थची, सगळ्यांत आधी जोडली जावी आणि सगळ्यांत शेवटी सुटावी म्हणून. पण भिंतीमागे तिला वायरच जोडलेली नसेल तर ती नुसती शोभेची. जुन्या इमारतींत मला अशी शोभा वरचेवर दिसते.

मग तुम्ही करायचं काय? बिनपैशाचा उपाय आधी. १५ लिटरचा गीझर २५ अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट घेतो. २००० वॅटला ते वीस मिनिटांचं काम, मग थर्मोस्टॅट तोडतो. लाल दिवा विझला की इस्त्री लावा. वेळ तुमचा वीस मिनिटांचा जाईल, बिल तेवढंच येईल. तुम्ही विचारलंय ना, १६ ची ३२ केली तर बिल वाढेल का? एमसीबीचा बिलाशी काही संबंध नाही. १००० वॅट तासभर चालले की एक युनिट, मग मध्ये कुठलीही एमसीबी असो.

खरा उपाय म्हणजे गीझरची लाइन वेगळी करणं. डीबीपासून गीझरपर्यंत फेज, न्यूट्रल, अर्थ अशा तीन नव्या तांब्याच्या वायरी, अडीच एमएमच्या, आणि तिला स्वतंत्र १६ ची एमसीबी. पुढे ३००० वॅटचा इन्स्टंट गीझर घ्यायचा विचार असेल किंवा अंतर लांब असेल तर मी चारची ओढतो; भिंत एकदा फोडायचीच आहे. जुना पाइप मोकळा असेल तर फोडायचीही गरज नाही, त्यातूनच ओढता येईल. इंडक्शन आणि इस्त्री मग जुन्या लाइनवर १३ अँपिअरमध्ये निवांत राहतील. वायर दीडची निघाली तर तेही मला काठावरचं वाटतं, तेव्हा ओट्याची लाइनही त्याच वेळी बदलून घ्या.

कुणी म्हणेल, ३२ नको तर मधली २० ची टाका. वायर खरोखर अडीचची, तांब्याची, पाइपात गर्दी नसलेली निघाली तर तांत्रिकदृष्ट्या ते चालू शकतं. तुमचे २१.७ तिच्यावर बहुधा पडणारही नाहीत. मी मात्र माझ्या गिऱ्हाइकाकडे असं करत नाही, कारण वीस वर्षांची वायर, मधले सांधे कुणी कसे मारलेत माहीत नाही, आणि पुढच्या वर्षी ओट्यावर काय नवीन येणार तेही माहीत नाही.

लाइन वाढवण्याआधी बिलावर "मंजूर भार" किती छापलाय तेही बघा. तो दोन-तीन किलोवॅट असेल आणि तुम्ही एकावेळी पाच चालवत असाल, तर मीटरपासूनची वायर आणि मेन स्विच त्याच मापाचे असण्याची शक्यता आहे. मग भार वाढवून घेण्याचा अर्ज आधी, वायरिंग नंतर.

वायरमन येईल तेव्हा मेन बंद करून त्याला इंडक्शनचा बोर्ड उघडायला लावा आणि तीन गोष्टी बघून इथे कळवा: वायरीच्या आवरणावर कुठला आकडा छापलाय, तांबं आहे की ॲल्युमिनियम, आणि हिरवी वायर सॉकेटला खरंच जोडलेली आहे का. डीबीचं झाकण उघडून आतला एक फोटोही टाका. मग अडीच ओढायची की चार, आणि आरसीसीबी आहे त्या डीबीत बसेल की डीबीच बदलावा लागेल, ते नेमकं सांगता येईल.